आमचा खुळखुळा मध्यंतराआधी मरतो

माझा धाकटा भाऊ सिनेमात मरतो. तेच त्याचं काम आहे. कुणाचा भाऊ बँकेत असतो, कुणाचा पोस्टात, माझा मरतो. आजवर तो गोळी लागून मेला, ट्रकखाली आला, कड्यावरून ढकलला गेला, आणि एकदा तर हिरोसाठी विष घालून ठेवलेलं दूध स्वतःच गटागटा प्यायला. ते मात्र मला पटलं, कारण समोर ठेवलेलं काही सोडायची त्याला लहानपणापासून सवय नाही. तो हिरोचा मित्र असतो. सुरुवातीला सगळ्यांना हसवतो, लाजऱ्या हिरोला हिरॉइनशी बोलायला लावतो, आणि मध्यंतर जवळ आलं की जातो. हिरोला चवताळून उठायला काहीतरी कारण लागतं. ते कारण म्हणजे आमचा खुळखुळा.

खुळखुळा हे त्याचं घरातलं नाव. पाळण्यात होता तेव्हापासून तो गप्प बसलेला कुणी पाहिलेला नाही. पडद्यावर त्याचं नाव चांगलं भारदस्त येतं, पण ते वाचताना मला परका माणूस घरात शिरल्यासारखं वाटतं, म्हणून इथेही मी ते लिहीत नाही.

मी कपडे दुरुस्त करते. चेन बदलणं, पँट आखूड करणं, बारीक झालेल्या आणि सुटलेल्या माणसांना त्यांच्याच कपड्यांत पुन्हा बसवणं, हा माझा धंदा. माझी जीभ माझ्या कात्रीपेक्षा धारदार आहे असं खुळखुळा म्हणतो. घरात नाही, स्टेजवर माइक हातात धरून म्हणतो, आणि अनोळखी माणसं टाळ्या वाजवतात. ‘आमची ताई रागावली की शिलाई मशीन आपोआप चालायला लागतं,’ हे त्याचं वाक्य टीव्हीवर इतक्या वेळा लागलं की दुकानात येणारी गिऱ्हाइकं आधी मशीनकडे बघायची आणि मग माझ्याकडे. मी त्याला बोलायचं सोडलं नाही. पण त्या वाक्यामुळे गिऱ्हाइकं वाढली, हेही खोटं नाही.

आई हॉस्पिटलात पुरुषांच्या वॉर्डात आया होती. पेशंट तिला मावशी म्हणायचे, डॉक्टरही मावशीच म्हणायचे. बाबा आम्ही लहान असतानाच गेले, त्यामुळे शाळा सुटली की आम्ही दोघं वॉर्डाबाहेरच्या बाकावर जाऊन बसायचो. मी अभ्यास करायची. खुळखुळा बाकावरच्या लोकांची करमणूक करायचा. ते सगळे आत कुणीतरी झोपलंय म्हणून बाहेर ताटकळत बसलेले लोक, तोंडं सुकलेली, हातात औषधांच्या पिशव्या. त्यांच्यासमोर हा मोठ्या डॉक्टरांसारखा चालून दाखवायचा, वॉचमनसारखा जांभई द्यायचा. एखादी बाई पदर तोंडाला लावून खुदकन हसायची आणि लगेच आपण हसलो म्हणून ओशाळायची. मला भीती वाटायची की कुणीतरी याला एक दिवस धपाटा घालणार. कुणी घातला नाही. उलट लोक सरकून त्याला बसायला जागा द्यायचे.

म्हणून पुढे त्याने एका हॉटेलच्या तळघरात माइकसमोर उभं राहून लोकांना हसवायला सुरुवात केली तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही. तळघरात ओल होती, पंखा कुरकुरायचा, आणि निम्मे लोक हसायला नाही, बसायला जागा मिळाली म्हणून आलेले असायचे. त्याचा पहिला कोट मी शिवला. एका गिऱ्हाइकाने परत न नेलेला कोट उसवून केलेला, खांद्यात सैल, पण त्या सैल कोटात तो उभा राहिला की लोकांना आधीच हसू यायचं. पहिल्या दिवशी तो सगळं पाठ केलेलं विसरला आणि विसरल्याचीच माफी मागत राहिला. लोकांना वाटलं हाच कार्यक्रम आहे. तेव्हापासून त्याने पाठांतर सोडून दिलं.

टीव्हीवर तो गेला तो दुसऱ्याच्या घशामुळे. विनोदाच्या एका कार्यक्रमात रोज येणाऱ्या माणसाचा घसा बसला, आणि ऐनवेळी कुणीतरी तळघरातल्या सैल कोटवाल्याची आठवण काढली. त्या घसा बसलेल्या माणसाची खुळखुळा अजून चौकशी करतो, त्याच्या घरी जातो. ‘त्याच्या घशाने मला आवाज दिला,’ म्हणतो. कार्यक्रम चांगला चालला, मग तसे सगळे कार्यक्रम बंद पडतात तसा बंद पडला. पुढचे काही महिने हा घरी बसून माझ्या मशीनला तेल घालत होता. घरातली सगळी दारं, बिजागऱ्या, कुलपं यांना तेल घालून झाल्यावर सिनेमाचा फोन आला, नाहीतर त्याने मलाही तेल घातलं असतं.

तो पहिला सिनेमा. आई ठेवणीतले कपडे घालून आली होती, शेजारच्या दोन बायकांना घेऊन. आपण यात मरतो हे खुळखुळ्याने तिला सांगितलं नव्हतं, त्याला वाटलं मजा येईल. त्या वेळी तो स्वतः दुसरीकडे शूटिंगला होता. आई पोट धरून हसत होती, बायकांना कोपराने ढोसत होती, ‘माझा आहे, माझा,’ म्हणत होती. मग गोळी सुटली. पडद्यावर तो खाली कोसळला, शर्ट लाल झाला. आई उठली आणि खुर्च्यांच्या रांगेतून लोकांच्या पायांवर पाय देत पुढे निघाली. ‘बाजूला व्हा, बाजूला व्हा,’ म्हणत होती. वॉर्डात गर्दी हटवताना म्हणायची तसंच. कुणीतरी हसलं. मी तिला धरून बाहेर आणलं, त्याला फोन लावून दिला. त्याच्या आवाजावर तिचा विश्वास बसायला वेळ लागला. मग तिने विचारलं, ‘जेवलास का?’

त्यानंतर आमच्या घरात एक रीत पडली. सिनेमा लागला की पहिल्या दिवशी मी एकटी जाते आणि हा नेमका कधी जातो ते बघून येते. मग आईला नेते. तो जायच्या जरा आधी मी तिच्या कोपराला हात लावते, ती मुकाट्याने उठते, आणि आम्ही बाहेर येऊन चहा पितो. आतून गोळीचा आवाज आला तर आई चहात जास्त साखर घालते. पण आईचा सिनेमा तिथे संपत नाही. पुढचा भाग ती स्वतः तयार करते आणि घरी आल्यावर खालच्या काकूंना सांगते. काकूंनी सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला असतो, तरी त्या मन लावून ऐकतात.

आईच्या सिनेमांत खुळखुळ्याचं फार चांगलं चाललेलं असतं. कड्यावरून ढकललेला तो खाली झाडात अडकला आणि तिथल्याच एका चांगल्या मुलीशी त्याने संसार थाटला. ट्रकखाली आलेल्याने हिरोच्या मारामाऱ्यांना कंटाळून गॅरेज काढलं. ‘त्या हिरोच्या नादी लागून पोराचं वाटोळं झालं असतं, वेळीच बाजूला झाला,’ आई सांगते आणि काकू मान डोलावतात. एका सिनेमात तो गेल्याची नुसती बातमी फोनवर येते. तेव्हा मी आईला उठवलंच नाही, मला वाटलं चालेल. ती घरी येऊन म्हणाली, ‘राँग नंबर असणार.’ दुसऱ्या एका सिनेमात त्याचं मरण दाखवलंच नव्हतं, मी कोपराला हात लावायला विसरले, आणि हिरोच्या घरात भिंतीवर याचा मोठा फोटो टांगलेला आईने पाहिला. ‘फोटो काय, जिवंत माणसांचेही लावतात,’ ती म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी याचा एक फोटो आमच्याही भिंतीवर लागला.

खुळखुळ्याला याचं दुःख असेल असं मला कधी वाटलं नाही. तो कामावर खूश असायचा. ‘ताई, मरायला मिळतंय म्हणून तर जगतोय,’ म्हणायचा. शूटिंगच्या शेवटच्या दिवशी तो आपल्याला मारणाऱ्या माणसाला कडकडून मिठी मारून यायचा. नुसता नमस्कार नाही, मिठी. व्हिलनची कामं करणारी दणकट माणसं याच्या घोळक्यात असत, आमच्या घरी येत, आणि आई त्यांना पोटभर वाढून दारापर्यंत सोडायला जाई. ‘जपून मारत जा रे,’ सांगे.

मग एक बाई आली. सिनेमे करणारी, पण मोठे हिरो घेऊन नाही. तिने खुळखुळ्याला ऑफिसात बोलावलं, एका खोलीत, जिथे खुर्चीवर फाइली होत्या म्हणून दोघांना खिडकीच्या कट्ट्यावर बसावं लागलं. ‘एखादा किस्सा सांगा,’ ती म्हणाली. याने आईचे मध्यंतरानंतरचे सिनेमे सांगितले. बाई हसून हसून खोकायला लागली. खोकला थांबल्यावर तिने विचारलं, ‘तुमची आई काय करते?’ तेव्हा हा सांगायला लागला, आणि आमच्या घरात कुणी कधी मोठ्याने न बोललेली गोष्ट त्याने त्या कट्ट्यावर बसून परक्या बाईला सांगितली. आईची ड्युटी संपली तरी ती कधीकधी घरी यायची नाही. वॉर्डात कुणी शेवटच्या घटका मोजत असेल आणि त्याच्याजवळ आपलं म्हणावं असं कुणी नसेल, तर ती त्याच्याजवळ बसायची. तो जाईपर्यंत. आम्ही बाकावर वाट बघायचो. मला भूक लागायची आणि राग यायचा. याला काय वाटायचं ते मी विचारलं नव्हतं.

बाईने हातातल्या नव्या सिनेमाचा शेवट बदलून लिहिला आणि त्यातलं मुख्य काम याला दिलं. अख्खा सिनेमा खुळखुळ्याचा होता, त्यात हिरोच नव्हता. एक बस ड्रायव्हर, बडबड्या, घरदार नसलेला, आजारी पडतो आणि शेवटी हॉस्पिटलात जातो. त्याच्याजवळ एक आया बसते.

शूटिंग संपवून हा माझ्या दुकानात आला आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. बराच वेळ बटणांच्या डब्यात बोटं फिरवत होता.

‘या वेळी शेवटपर्यंत टिकलोय,’ तो म्हणाला. ‘शेवटच्या दहा मिनिटांत जातो.’

‘मग बरंच झालं,’ मी म्हटलं. ‘आईला पहिल्यांदा जवळजवळ सगळा सिनेमा बघता येईल. तेवढी दहा मिनिटं चहा पिऊ.’

‘ताई, त्या दहा मिनिटांसाठीच मी हे सगळं केलंय.’

मी मशीन थांबवलं.

‘ती आया म्हणजे आई आहे,’ तो म्हणाला. ‘तिला तोंडावर आभार मानले तर ती म्हणेल, वेडा झालास का, जेवून घे. मला दुसरं काही येत नाही. मला फक्त मरता येतं.’

‘मग सांग तिला.’

‘नाही. तिला बघवत नाही तर मी जबरदस्ती करणार नाही. तूही करू नकोस. आणि आया असल्याचं तर मुळीच सांगू नकोस.’

मी हो म्हटलं. पण मला राहवलं नाही. आया असल्याचं मी सांगितलं नाही, एवढा शब्द पाळला. बाकी सगळं त्याच संध्याकाळी काढलं. आई ओट्यापाशी बसून मटार सोलत होती.

‘तुझ्या हातावर किती माणसं गेली,’ मी म्हटलं. ‘आणि पोटचा पोरगा खोटंखोटं मरतो ते तुला बघवत नाही? एवढं मोठं काम मिळालंय त्याला. जन्मात एकदा.’

‘खोटं आहे ते मला कळतं. मी काय खुळी आहे?’ आई म्हणाली. ‘पण डोळ्यांत बसलं की बसलं. त्या पहिल्या सिनेमानंतर तो माझ्यासमोर जेवायला बसला की मला शर्टावर रक्त दिसायचं. तो गमती सांगायचा, तू हसायचीस, आणि मी त्याच्या छातीकडे बघत बसायचे. मला माझं पोर हसताना बघायचंय. यात तुमचं काय जातं?’

मी एवढी वर्षं ही तिची गंमत म्हणून लोकांना सांगत आले होते, आणि तिला ते असं दिसत होतं. मी तिच्या शेजारी बसून मटार सोलायला घेतले.

थोड्या वेळाने ती आपणहून बोलली. ‘तुझे बाबा रात्रपाळीत गोदामात एकटे गेले. सकाळी दार उघडलं तेव्हा लोकांना कळलं. ते काही मी पाहिलं नाही. तरी रोज दिसतं.’ तिने एक शेंग उघडली, रिकामी निघाली, बाजूला ठेवली. ‘मग न बघून तरी काय वाचलं माझं?’

हे ती मला विचारत नव्हती. मटार संपल्यावर ती हात धुवायला उठली आणि पाठमोरीच म्हणाली, ‘कधी आहे म्हणालीस तो सिनेमा?’

सिनेमात काम केलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आधी एक खेळ ठेवला होता, दुपारी, एका छोट्या थिएटरात. खुळखुळ्याला बाईंबरोबर पुढच्या रांगेत बसायचं होतं. आई म्हणाली, ‘तू इथे बस. माझ्याजवळ.’ तो बसला. मी दुसऱ्या बाजूला, कडेच्या खुर्चीत, म्हणजे उठायचं झालं तर वाट मोकळी असावी. पुढे काय होणार ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

सिनेमा सुरू झाला. आमचा ड्रायव्हर प्रवाशांशी बोलत बस चालवत होता, आणि थिएटर हसत होतं. आई सगळ्यांत मोठ्याने हसत होती. मध्यंतर झालं तेव्हा तो जिवंत होता, आणि मध्यंतरानंतर तो पडद्यावर परत आला तेव्हा आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू ही तिचीच कमाई. मग तो आजारी पडला. वॉर्ड आला. एक पिकल्या केसांची आया आली, तिने त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, स्टूल ओढलं, आणि बसण्याआधी पायातल्या चपला काढून पलंगाखाली शेजारी शेजारी ठेवल्या.

ती आईची सवय. एखाद्याजवळ शेवटपर्यंत बसायचं ठरवलं की ती चपला अशा काढून ठेवायची. बाहेरच्या बाकावर बसून दारातून आम्हाला तेवढंच दिसायचं, पलंगाखालच्या चपला, आणि आज उशीर होणार हे कळायचं. मला ते पार विसरायला झालं होतं.

आईचं हसू थांबलं. ती पडद्याकडे बघत होती. मी नेहमीप्रमाणे तिच्या कोपराला हात लावला. ती उठली नाही. मी पुन्हा लावला. तिने माझा हात हळूच बाजूला केला, आणि दुसऱ्या हाताने खुळखुळ्याचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, मनगट उलटं केलं आणि नाडीवर तीन बोटं ठेवली.

पडद्यावर ड्रायव्हर आयाला एक गंमत सांगत होता. एक प्रवासी रोज चुकीच्या बसमध्ये चढायचा, अशी काहीतरी. त्याचा आवाज बारीक होत गेला. गंमत अर्धी राहिली. ‘मग?’ आयाने विचारलं. तो काही बोलला नाही. ती थोडा वेळ थांबली आणि पुन्हा म्हणाली, ‘मग?’ आणि मग तिला कळलं.

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि पुसायला रुमाल पर्समध्ये, पर्स खुर्चीखाली. आई माझ्याकडे वाकली. वॉर्डात सिस्टरला सांगायची त्या आवाजात माझ्या कानात म्हणाली, ‘चालू आहे,’ आणि परत सरळ बसून पडद्याकडे बघायला लागली.

सिनेमा संपला, तरी दिवे लगेच लागले नाहीत. नावं यायला लागली. आईने आजवर एकाही सिनेमाच्या शेवटची नावं पाहिली नव्हती. ती वाचायचा प्रयत्न करत होती, पण नावं भरभर वर जात होती.

‘ही कुणाची नावं?’ तिने विचारलं.

‘आमच्याबरोबर काम करणाऱ्यांची,’ खुळखुळा म्हणाला. ‘दिवे धरणारे, आवाज घेणारे, पलंग हलवणारे, चहा देणारे. सगळ्यांची.’

‘तू मरत होतास तेव्हा हे सगळे तिथेच होते?’

‘तिथेच. एवढीशी खोली होती आई. उभं राहायला जागा नव्हती.’

‘बरं झालं,’ आई म्हणाली. ‘म्हणजे एकटा नव्हतास.’

आमच्या खुळखुळ्याला यावर काही बोलता आलं नाही. नावं संपून पडदा रिकामा होईपर्यंत आई तशीच बसून राहिली. त्याचा हात तिने अजून सोडला नव्हता.